जॅक सोडून सगळं

आमच्या मनालीच्या गिटारमध्ये घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, हे माझ्या नवऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असणारच. ती त्यानेच बिघडवली होती.

तिची बारावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि ती हॉलमध्ये मित्रमैत्रिणींबरोबर वाजवत बसली होती. फ्लॉयड होता, सुहा होती. जयप्रकाश प्लँटवरून डबल शिफ्ट करून आला, दोनदा "बंद कर" म्हणाला, आणि तिसऱ्यांदा काही न म्हणता गिटारला लावलेली केबल त्याने हिसका देऊन ओढली. केबल जिथे खुपसतात, तो जॅक खिळखिळा झाला. ॲम्प्लिफायर असा घरघरला की सुहाने कानांवर हात ठेवले. मनालीने गिटार खाली ठेवली आणि ती आत निघून गेली. मित्रांसमोर झालेला अपमान ती विसरली नाही. पुढे मँचेस्टरला शिकायला जाताना विमानतळावर माझ्या गळ्यात पडून रडली आणि बापाला फक्त "बाय" म्हणाली. त्यानंतर दोघांत शब्द नाही.

मग या हिवाळ्यात फॅमिली ग्रुपवर तिचा मेसेज आला. फ्लॉयडची बहीण सॅब्रिना गिटार शिकतेय, माझी पडून आहे ती तिला द्या. पण ती बंद आहे, बाबा बघेल का?

"मला विचारलंय तिने," जयप्रकाश म्हणाला. मेसेज मीही वाचला होता, तरी त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. "बघ, बाबा लिहिलंय."

तेव्हापासून दर शुक्रवारी जेवणं झाली की इथे आखातात, आमच्या माहूजच्या घरातलं डायनिंग टेबल म्हणजे वर्कशॉप. गिटार, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, आणि फोनवर मनाली, घरातसुद्धा लोकरीची टोपी घातलेली.

"बाबा, पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने टॅप कर. जेंटली."

"पिकअप म्हणजे हे तारांखालचं?"

"येस. एनी साउंड?"

"टकटक येत नाही. नुसती घूंऽऽ."

"ओके. देन वी चेक द स्विच."

अख्ख्या प्लँटची पॅनल्स सांभाळणारा माणूस, पण पोरीसमोर असा बसायचा की जन्मात वायर पाहिली नाही. ती उंटावरून शेळ्या हाकत होती आणि हा आनंदाने शेळी झाला होता. एका शुक्रवारी स्विच झाला. मग आवाजाच्या बटणांत धूळ गेली असेल म्हणून स्प्रे मारला. मग केबल बदलली, मग तारा. प्रत्येक वेळी शेवटी तीच घरघर, आणि प्रत्येक वेळी ह्याचं "मग आता पुढच्या शुक्रवारी बघू." तिचंही "ओके, बाबा." दोघंही ताकाला जाऊन भांडं लपवत होती.

मला असलं सहन होत नाही. एकदा फोन ठेवल्यावर मी म्हटलंच, "अरे, जॅक कधी उघडणार आहेस?"

"एक पद्धत असते, इरावती. एका टोकापासून तपासत यायचं."

"दुसऱ्या टोकाला तूच उभा आहेस."

तो आयर्नचं टोक पुसत राहिला. मग म्हणाला, "जॅक म्हटलं की तो दिवस निघणार. आत्ता कुठे बोलायला लागलीये ती."

"मग निघू दे! चुकलं माझं म्हण आणि मोकळा हो. दोन शब्द आहेत."

"म्हणेन," तो म्हणाला. "एकदा नीट रुळू दे तिला."

मीही विषय सोडला. खरं सांगते, त्या शुक्रवारांची मलाही चटक लागली होती. स्वयंपाकघरात भांडी आवरताना मागून दोघांचे आवाज यायचे, आणि घर भरल्यासारखं वाटायचं.

मग मधल्याच एका दुपारी मनालीचा मला फोन आला. "आई, सॅब्रिनाला सांग, दुसरी घे. मी या शुक्रवारी कॉल नाही करणार."

"का गं? क्लास आहे का?"

"नो. खलास. आय ॲम टायर्ड." मग तिचं मधलं मधलं इंग्रजी थांबलं. ती अशी नुसत्या मराठीत बोलायला लागली की मी हातातलं काम खाली ठेवते. "आई, गिटार बंद पडली की लहान मुलंपण आधी जॅक बघतात. मला माहितीये जॅकच आहे. त्यालापण माहितीये. मी थांबले होते. तो जॅक म्हणेल, मग सॉरी म्हणेल. मी सगळं चेक करायला लावलं, आई. जॅक सोडून सगळं. तो म्हणालाच नाही."

"अगं, तूच विचार ना त्याला."

"मी का विचारू?" ती म्हणाली, आणि रडायला लागली. इतक्या लांबून मी काय करणार होते? मीही रडले.

संध्याकाळी जयप्रकाश आला, तेव्हा मी आडपडदा ठेवला नाही. ती जे म्हणाली, ते शब्दाला शब्द सांगितलं. तो बूटही न काढता खुर्चीवर बसला. बऱ्याच वेळाने उठला, गिटार घेतली आणि जॅक उघडला. आत एक वायर तुटून लोंबत होती. ती जोडायला त्याला चहा गाळण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. केबल लावून त्याने तारांवर हात फिरवला, तर खणखणीत सूर आला.

मग त्याने फोन हातात घेतला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मी मनात म्हटलं, लिही रे बाबा, लिही. शेवटी पाठवलं आणि फोन माझ्याकडे दिला.

"जॅकची वायर लूज होती. जोडली. गिटार ओके आहे."

"लूज होती?" मी ओरडले. "लूज होती, जयप्रकाश?"

"तिला कळेल," तो म्हणाला. "हुशार आहे ती."

माझ्या हातातच उत्तर आलं. "ओके. सॅब्रिनाला द्या." पुढे काही येईल म्हणून तो माझ्या खांद्यावरून वाकून पाहत राहिला. काही आलं नाही.

"दुरुस्त झाली," तो म्हणाला. मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "आता शुक्रवारी तिला काय विचारायचं?"

मला त्याच्यावर चिडायचं होतं. पण तो खरंच विचारत होता.