श्यामकांतांची नक्कल

कोलकात्याच्या मराठी मंडळींत वृंदा टिळेकरची कीर्ती दोन गोष्टींसाठी होती. एक तिच्या चकल्या, आणि दुसरी नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल. चकल्या अधूनमधून बिघडायच्या. नक्कल कधी बिघडली नाही.

गणपतीतल्या करमणुकीच्या कार्यक्रमात पोरांचे नाच उरकले, कुणीतरी पेटी वाजवून सगळ्यांची सहनशक्ती तपासून झाली, की मागून आवाज यायचा, "वृंदाताई, होऊ द्या!" मग "अगं बाई, दरवर्षी काय तेच तेच" म्हणत ती पदर खोचून उठायचीच. खुर्चीत मान मागे टाकायची, तोंड अर्धवट उघडं. आधी बारीक शिट्टी, मग करवत, मग लाकडाची अख्खी वखार. आणि मग एकदम सगळं बंद. खरी खुबी तिथेच होती. छाती हलायची नाही, नाकपुडी हलायची नाही. हॉल चिडीचूप. एखादं पोर खुदकन हसायचं, आणि तेवढ्यात 'ख्रॉऽऽक्' करून वृंदा अशी काही उसळायची की पहिल्या रांगेतल्या अनुजावहिनी दरवर्षी नेमाने किंचाळायच्या. मग टाळ्या. श्यामकांतसुद्धा टाळ्या वाजवायचे, त्या वेळी जागे असले तर.

श्यामकांत खिदिरपूरला गोदीत कस्टम्समध्ये होते. मुंबईहून तीन वर्षांसाठी म्हणून बदली झाली आणि बालीगंजच्या त्याच फ्लॅटमध्ये अठरा वर्षं निघाली. सकाळी साडेनऊला बालीगंजला बजबज लोकल पकडायची आणि माझेरहाटला उतरायचं, दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. तेवढ्यातही त्यांचा डोळा लागायचा आणि गाडी त्यांना थेट नदीकाठी शेवटच्या स्टेशनावर नेऊन सोडायची. तिथून फोन यायचा, "अगं, मी बजबजला आहे." घरात त्याची म्हणच झाली. नूपुर पाच वर्षांची असताना दार उघडून पाहुण्यांना सांगायची, "बाबा सोफ्यावर आहेत, पण बजबजला गेलेत."

हसण्यासारखंच होतं ते. साहेबांच्या मीटिंगमध्ये झोपले म्हणून मेमो मिळाला, त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं वर चढली, तेव्हा वृंदाचं हसू जरा आंबट झालं, इतकंच. "सरकार तुम्हाला पगार देतं की गादी?" ती विचारायची. ते रोज सकाळी कपाळ दाबत उठायचे. "झोप झाली असं वाटतच नाही गं कधी," असं म्हणायचे. त्यावर तिचं उत्तर तयार असायचं, "चोवीस तास पुरत नसतील तर सांगा, पंचविसावा मागवते." तेही हसायचे. त्यांना तिचा विनोद आवडायचा. तो कुणावर चाललाय, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

चार वर्षांपूर्वी, चोपन्नाव्या वर्षी, श्यामकांत झोपेत गेले. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. भेटायला आलेले म्हणाले, पुण्यवान माणूस, कळलंसुद्धा नसेल. त्यानंतर मंडळात कुणी नकलेचा विषय काढला नाही, आणि चकल्यांची मागणी मात्र उगाचच वाढली.

गेल्या वर्षापासून वृंदाला पेंगायला व्हायला लागलं. पेपर वाचता वाचता, भाजी निवडता निवडता. दोनदा दूध करपलं. सकाळी डोकं असं ठणकायचं, की कुणी रात्रभर पाट्यावर वाटलंय. वयाचं आहे म्हणून तिने सोडून दिलं. नूपुर आता न्यू टाउनला एका कंपनीत होती, शनिवारी यायची. एका दुपारी आई सोफ्यावर आडवी झालेली असताना तिने फोनवर काहीतरी टेप केलं आणि चहाच्या वेळी ते लावलं. शिट्टी, करवत, वखार. मग शांतता. मग ते उसळणं.

वृंदाच्या हातातला कप बशीवर वाजला. "बाबांचं तू कधी टेप केलं होतंस? मला बोलली नाहीस कधी."

"आई," नूपुर म्हणाली, "ही तू आहेस."

मग तपासण्या झाल्या. एक रात्र बोटाला चिमटा आणि नाकाशी नळी लावून घरीच झोपायचं, आणि सकाळी यंत्र परत द्यायचं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हिंदीत बोलल्या, हळू, समजावून. घशाच्या मागचा भाग झोपेत मिटतो. श्वास अडतो. मेंदू घाबरून माणसाला ढोसतो, माणूस अर्धवट उठतो, श्वास घेतो, पुन्हा तेच. "तुमचं तासाला बेचाळीस वेळा होतंय. म्हणून दिवसा झोप. म्हणून डोकेदुखी. याला आळस म्हणत नाहीत. वर्षानुवर्षं चाललं तर हृदयावर ताण येतो." मग सहज विचारावं तसं विचारलं, "घरात बाजूला कोण झोपतं?"

"कोणी नाही."

"मग तुम्हाला कळणार तरी कसं! हे पेशंटला कधीच कळत नाही. आम्ही नेहमी नवऱ्याला किंवा बायकोला विचारतो. श्वास थांबतो ते त्यांनाच माहीत असतं."

नूपुर कागदावर सूचना लिहून घेत होती. वृंदा भिंतीवरच्या कापलेल्या गळ्याच्या चित्राकडे बघत बसली.

मशीन तीन आठवड्यांसाठी भाड्याने आलं. डब्याएवढं, त्याला एक लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. हवा सतत थोड्या जोराने आत सोडायची, म्हणजे घसा मिटत नाही. बसवायला आलेल्या माणसाने मास्क लावून आरसा दाखवला. "सोंड काय ती चांगली दिली," वृंदा म्हणाली, आणि त्याला मराठी कळत नसूनही तो हसला.

पहिल्या रात्री तिला वाटलं होतं की गुदमरेल. पण हवेची बारीक लाट येत राहिली, आणि मग काहीच आठवत नव्हतं. जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. सात वाजले होते. डोकं दुखत नव्हतं. अंग असं हलकं होतं, की आपलं नव्हेच. खाली फूलवाला ओरडत होता, तेही स्वच्छ, वेगळं ऐकू येत होतं. जग कुणीतरी धुऊन पुसून परत जागेवर ठेवलेलं.

म्हणजे सकाळ अशी असते, तिला वाटलं. लोक रोज असे उठतात.

आणि मग ती तशीच मास्क लावून बसल्या जागी रडली. रडताना मास्कच्या कडेने हवा सुटून फुर्रर आवाज येत होता, तो इतका हास्यास्पद होता की दुसरी कोणती वेळ असती तर तिने लगेच उचलला असता. श्यामकांतांना अशी एकही सकाळ मिळाली नव्हती. लग्न झालं त्या दिवसापासून त्या माणसाला तिने कधी जागं पाहिलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मशीन पलंगाशेजारी नुसतं बसून राहिलं. वृंदा त्याच्यावर रुमाल टाकून झोपायची.

पण या नव्या मशिनांना चुगलीची सवय. किती तास वापरलं ते परस्पर फोनवर जातं, आणि तो फोन नूपुरचा होता. शनिवारी ती चप्पल न काढताच आत आली.

"पाच दिवस शून्य. काल विचारलं तेव्हा म्हणालीस लावते."

"नाक सुजतं माझं."

"खोटं नको बोलूस! पहिल्या रात्री सात तास वीस मिनिटं. फोनवर म्हणालीस, खूप छान झोप झाली. मग?"

"म्हणूनच."

नूपुर पलंगावर बसली. "म्हणजे काय, आई? नीट सांग. मला असं कोड्यात नाही कळत."

वृंदाने रुमालाची घडी केली. मग मोडली. "बाबांनाही हेच होतं, नूपुर."

"मला माहितेय."

"तुला कसं माहीत?"

"डॉक्टर बोलत होत्या तेव्हाच कळलं. मी खाली बघून लिहीत होते ना, ते उगाच. काय लिहिलं, मलाही वाचता आलं नाही." तिने मान वर केली. "किती वेळ थांबायचा त्यांचा श्वास?"

"काय माहीत. घड्याळ लावलं होतं का मी?"

"पण तू करून दाखवायचीस. अगदी तसंच. सगळे म्हणायचे, हुबेहूब." नूपुरने फोन हातात घेतला. "कर."

"वेडी आहेस का?"

"माझ्याकडे बाबांचा आवाज नाहीये आई, एकही. कर ना."

वृंदाने मान मागे टाकली. चार वर्षांत केलं नव्हतं, पण अंगाला सगळं पाठ होतं. शिट्टी आली. करवत आली. नूपुरचा चेहरा क्षणभर मऊ झाला, पाच वर्षांचा झाला. मग आवाज थांबला. भर दुपारी, ट्यूबलाइट लावलेल्या त्या खोलीत, वृंदाची छाती थांबली, आणि थांबूनच राहिली. तिने काही ताणलं नाही, की वाढवलं नाही. जितकं असायचं तितकंच.

"आई."

वृंदा हलली नाही.

"आई, बास. घे श्वास. आई! घे ना गं!" नूपुरने तिला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं.

वृंदाने श्वास घेतला. उसळण्याचा भाग केला नाही.

आवाज थांबल्यापासून फोनवर सेकंद पळतच होते. नूपुरने ते बंद केले. "अडतीस," ती म्हणाली. "आणि आपण हसायचो. मी तर पहिल्या रांगेत."

"तू लहान होतीस."

"तू नव्हतीस."

"नाही," वृंदा म्हणाली. "मी नव्हते."

आता थांबता येणार नव्हतं. "शेवटच्या रात्रीही मला जाग आली होती. ते असेच थांबले. मी वाट बघत पडले होते, आता उसळतील. नाही उसळले. मला वाटलं, बरं झालं बाई, आज शांत झोपलेत एकदाचे. आणि मी कूस वळले." तिचा आवाज अगदी सरळ होता, कुणाला तरी पाककृती सांगावी तसा. "मला इतकी गाढ झोप लागली, नूपुर. सात वाजेपर्यंत. डोकं हलकं. मी दोन कप चहा टाकला, गुणगुणत. आणि मग उठवायला गेले. त्या दिवशी मशीन लावून उठले ना, अगदी तशीच सकाळ होती. तशी झोप मला नको."

नूपुर उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला. बराच वेळ नुसतंच पाणी वाहत होतं, कुठल्या भांड्यात पडत नव्हतं. वृंदाने तिला हाक मारली नाही. माफी मागायची तर कुणाची, हेही तिला सुचत नव्हतं. ज्याची मागायची, तो मागितली असती तर "जाऊ दे गं" म्हणून कूस बदलून झोपला असता.

नूपुर परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"मला आत्ता तुला काही चांगलं बोलता येत नाहीये."

"नको बोलूस."

"कदाचित नंतरही नाही येणार."

"बरं."

"पण मी पहाटे तीनला उठून फोनवर तुझा आकडा बघते. शून्य दिसला की तशीच पडून राहते. सकाळपर्यंत. पाच रात्री झाल्या." तिने मशीनचं बटण दाबलं. बारीक फूत्कार सुरू झाला. "तुला झोप नको असेल, तर नको. मला हवीये. आडवी हो."

"आत्ता? दुपारी चार वाजता?"

"आत्ता. मी बसते इथे."

वृंदा आडवी झाली. नूपुरने मास्क तिच्या नाकावर ठेवला आणि पट्टा डोक्यामागे ओढला. केसांची एक बट पट्ट्याच्या चिकटपट्टीत सापडली.

"ओढलं का केसाला?"

वृंदाने नाही अशी मान हलवली. चांगलंच ओढलं होतं. नूपुर पलंगाच्या कडेला, पाठ अगदी ताठ ठेवून बसली, आणि आईच्या छातीकडे बघत राहिली.