आजोबांना दाखवलेला सिनेमा

पडद्यावर दिसतं ते कंपनीचं, ऐकू येतं ते माझं. तीस वर्षं मी, थोंगसाय, गावोगाव पडदा बांधून माइकवर सगळे आवाज एकटाच काढतोय. नायिका, म्हातारी, कुत्रं, सगळी माझीच. त्यामुळे बान नाखाम गावच्या देवराईत डबा उघडला आणि भलतीच रिळं निघाली, तेव्हा आधी मी कंपनीच्या कारकुनाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग विडी पेटवली.

मागवला होता विनोदी सिनेमा. आला तो भुताचा. डोंगरातल्या आडगावात हजार वर्षं विहिरीत गाडलेलं पिशाच्च बाहेर येतं आणि एकेक घर गिळत सुटतं.

सिनेमा मागवणाऱ्या सेंगचानचा चेहरा पांढराफटक पडला. तीन महिन्यांपूर्वी तिची लेक बाळंतपणात अडली, तेव्हा ती देवराईतल्या गावराखण्या देवाला, म्हणजे आजोबांना, नवस बोलली होती. दोघं सुखरूप सुटू देत, तुम्हाला हसवणारा सिनेमा दाखवीन, आणि तोवर नातवाला मांडीवर घेणार नाही. मग पुरात रस्ता वाहून गेला आणि नवस राहिला. तीन महिने ही बाई नातवाला लांबूनच बघत होती.

"दादा, हे लावलं तर आजोबा कोपतील हो. परत न्या."

"नेतो की. दुसरा डबा यायला महिना लागेल. थांबशील?"

तिनं लांबूनच नातवाकडे पाहिलं.

"मग बस गप. आजोबांना हसवायचंय ना? ते माझ्यावर सोड."

पहिल्या रांगेत आजोबांची रिकामी खुर्ची, पुढ्यात उकडलेली कोंबडी, चिकट भात, तांदळाची दारू. मागे अख्खं गाव चटयांवर.

पडद्यावर विहिरीतून काळा हात वर आला. मी ओरडलो, "अगं ए, दोर कुणी नेला? आंघोळीला उतरलो तो इथंच अडकलो!"

गाव खो खो हसलं. पिशाच्चानं पहिलं दार फोडलं.

"सासूबाई, मुरवलेल्या माशाचा वास आला म्हणून आलो. उरलंय का काही?"

"मेल्या, दाराचे पैसे कोण भरणार?" ही सासूही मीच.

पोरं गडाबडा लोळायला लागली. देवराईचा भगत हसता हसता दारू सांडून बसला. मलाही चेव चढला. एवढी मजा मला माझ्या लग्नातसुद्धा आली नव्हती.

मग शेवटचं रीळ लागलं. पिशाच्च एका घरात शिरलं आणि पाळण्यावर वाकलं. पाळण्यात तान्हं बाळ. चटईवर सेंगचानच्या लेकीनं आपलं पोर छातीशी घट्ट धरलं. मला काही म्हणता काही सुचेना. तीस वर्षांत पहिल्यांदा, खरं सांगतो, मी माइकसमोर घाबरलो.

सेंगचान उठली. तिनं माझ्या हातातला माइक हिसकावला आणि घोगऱ्या आवाजात त्या काळ्या तोंडातून बोलली, "भिऊ नको रे सोन्या. तुझा पणजा आहे मी. केव्हाचा गावभर दारं ठोठावतोय, तू कुठल्या घरात आलास ते कुणी सांगेचना! बघू दे की मला."

टाळ्यांनी देवराई दणाणली. भगतानं नैवेद्याच्या कोंबडीच्या जबड्याचं हाड काढून उजेडात धरलं. दोन्ही टोकं सारखी वळलेली, म्हणजे शुभ कौल.

"आजोबा खूश! नवस फिटला!"

सेंगचाननं माइक माझ्या छातीवर आदळला.

"धरा हे, दादा. मला दोन्ही हात लागणारेत."