लाल गिटार आणि ‘राहू दे’

आमच्या चौघांत गिटारांची अदलाबदल चालते, खरेदी-विक्री चालत नाही. पैसा मध्ये आला की मैत्री बाटते, असं प्राचार्याचं म्हणणं. हा प्राचार्य कुठल्याही कॉलेजचा नाही, त्याचं फरशांचं दुकान आहे. पण ‘ही फरशी घसरत नाही’ एवढं सांगायला तो घर्षणाच्या सिद्धांतापासून सुरुवात करतो, आणि गिऱ्हाइकं बऱ्याचदा सुटका म्हणून फरशी घेतात. दुसरा व्होल्ट. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि बोलतोही लिफ्टसारखाच: मध्येच अडकतो, मग एकदम खाली येतो. तिसरी माझी थोरली बहीण, दातांची डॉक्टर आणि आमची मुख्य गिटारवाली. चौथा मी. मी बेस गिटार वाजवतो. म्हणजे मी थांबलो तर लोकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, वाजवत असलो तर कुणाला काहीच वाटत नाही.

अदलाबदलीचे नियम कॉलेजातले आहेत. एखादी गिटार का हवी, हे सांगायचं नाही, कारण कळलं की समोरचा भाव खातो. आणि ‘घे’ म्हटलं तर वाजवायला दिली, ‘राहू दे’ म्हटलं तर कायमची दिली. ‘राहू दे’ एकदा तोंडातून गेलं की नंतर गयावया चालत नाही.

हा नियम आम्ही किती कडक पाळतो ते व्होल्टला विचारावं. गिटारचा आवाज मोठा करणारा, त्यानं स्वतःच्या हातानं जोडलेला एक ॲम्प होता, तापला की सुरेख खरखरणारा. प्राचार्यानं तो वाजवायला नेला होता. एकदा प्राचार्याच्या घरी वहिनींनी विचारलं, “भावजी, आणखी चहा?” आणि नेमकं त्याच वेळी प्राचार्यानं विचारलं, “आणि तो ॲम्प?” व्होल्ट वहिनींच्या किटलीकडे बघत म्हणाला, “राहू दे.” ॲम्प आजही प्राचार्याकडे आहे. व्होल्ट अधूनमधून अपील करतो. प्राचार्य म्हणतो, उच्चारलेला शब्द हा समाजाच्या मालकीचा असतो.

आता लाल गिटारविषयी. ती कुठल्याशा बुडालेल्या कंपनीची, रंगानं आगीच्या बंबासारखी. ताईनं कॉलेजात घेतलेली. एकदा तिची मान, म्हणजे डाव्या हातानं तारा दाबतात तो लांब दांडा, किंचित वाकली. व्होल्ट म्हणाला, मी तासून देतो. तासता तासता तो आम्हाला आपलं लग्न ठरल्याची बातमी सांगू लागला, बातमी लांबली आणि हात चालूच राहिला. भानावर आला तेव्हा मान बारीक होऊन तिची झाडूची दांडी झाली होती. ताईनं त्याचं अभिनंदन केलं, मग त्याला शिव्या दिल्या, आणि ती गिटार पायानं दाबून आवाज बदलायच्या एका पेडलच्या बदल्यात प्राचार्याला ‘राहू दे’ करून टाकली. पुढे दवाखाना चालायला लागल्यावर तिनं काळी घेतली. काळी म्हणजे अशी की तिच्या डोक्यावरचं कंपनीचं नाव वाचून गिटार न वाजवणारेही भुवया वर करतात. लाल मात्र प्राचार्याच्या दुकानात बाथरूमच्या फरशांच्या भिंतीवर लटकत राहिली. बाथरूममध्ये गाणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यामुळे उभारी येते, असा त्याचा सिद्धांत.

मध्यंतरी ताईनं मला दवाखान्यात बोलावून घेतलं. माझी दाढ दुखत नव्हती, तरी तिनं खुर्चीत झोपवलं. ती महत्त्वाचं बोलते तेव्हा समोरच्याच्या तोंडात आरसा असलेला तिला बरा वाटतो.

“हे बोट बघ,” ती म्हणाली. डाव्या हाताची अनामिका. “पूर्ण वळत नाही. सांध्याची झीज. जन्मभर लोकांचे गाल ओढले, त्याचं बक्षीस. हाडांचे डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या. मी विचारलं, बोटाला की मला?”

“आँ,” मी म्हणालो.

“काळीची मान जाड आहे. आपल्या गाण्याच्या सुरुवातीला तिसरा सूर लागतो ना, तिथे बोट पोचतच नाही. काल दवाखान्यासाठी फरशा बघायला गेले होते. प्राचार्य आत होता, म्हणून भिंतीवरची लाल काढून बघितली.” तिनं आरसा बाहेर काढला. “पोचतं.”

“मग माग ना त्याच्याकडे. लगेच देईल.”

“देईल. म्हणूनच मागायची नाही.” ताईनं हातमोजे ओढून काढले, चट्ट चट्ट. “आज गिटार देईल, उद्या सुरुवात स्वतः वाजवायला घेईल. ‘तू नुसते सूर धर हं,’ म्हणेल. मला तो ‘हं’ नकोय. पेशंटशी मी रोज बोलते तसं, दुखणार नाही हं, आ करा हं. मी बदलून घेणार. रीतसर. आणि तू कुणापाशी बोललास तर तुझी अक्कलदाढ मी आजच काढते.”

मी बोललो नाही. दाढेला हात लावून रविवारी तालमीला गेलो.

तालीम दुकानामागच्या गोदामात असते, फरशांच्या थप्प्यांमध्ये. आवाज सगळ्या बाजूंनी परत येतो, त्यामुळे चूक एकदा केली की चारदा ऐकावी लागते. त्या दिवशी ताईनं बोटाला चिकटपट्टी गुंडाळली होती आणि ‘कापलं’ म्हणून सुरुवात टाळली. गिटार पेटीत ठेवता ठेवता ती सहज म्हणाली, “प्राचार्य, ती लाल देतोस? माझा निळा पेडल घे.”

प्राचार्याचा चष्मा नाकावर थांबला. निळ्या पेडलवर त्याचा बरीच वर्षं डोळा होता. “लाल?”

“हो.”

“आमच्या भिंतीवरची?”

“दुसरी कुठली? आहे का तुझ्याकडे लाल गिटारांचं गोदाम?”

“पेडल. त्या लाकडासाठी.” तो आमच्याकडे वळला. “सज्जनहो, इथे एक प्रश्न उपस्थित होतो.”

“करू नकोस उपस्थित,” ताई म्हणाली. “कारण विचारायचं नाही.”

“मी विचारत नाही. मी विचार करतो.”

आणि हेच वाईट झालं. प्राचार्यानं त्या आठवड्यात लाल गिटारचे सगळे स्क्रू काढून आत टॉर्च मारला. आत धूळ आणि एक मेलेलं झुरळ होतं. मग तो ती घेऊन वाद्यांच्या दुकानात गेला. दुकानदारानं उलटीसुलटी करून सांगितलं की चांगलं जळेल. यावरून प्राचार्यानं निष्कर्ष काढला की दुकानदारालाही ती हवी आहे, कारण खरोखर फालतू वस्तूला कुणी इतकी नावं ठेवत नाही. त्यानं लाल गिटार परत भिंतीवर टांगलीच नाही, दुलईत गुंडाळली आणि झोपायच्या खोलीत नेली. वहिनींचा मला फोन आला. “भावजी, तिला माझ्या बाजूला ठेवलीय हो. कूस बदलली की टोचते.”

ताईला हे कळलं तेव्हा तिनं पुढची चाल केली. “पेडल पुरत नसेल म्हणावं तर काळी देते.”

“ताई, शुद्धीवर आहेस ना? काळीच्या बदल्यात लाल?”

“जी मला वाजवता येत नाही तिची किंमत मला काय? डोक्यावरचं नाव वाचत बसू?”

मी निरोप पोचवला. प्राचार्य खुर्चीत बसला, मग उठला, मग परत बसला. “काळी! म्हणजे लालची किंमत काळीपेक्षा जास्त आहे हे तिला माहीत आहे, आणि मला माहीत नाही. अज्ञानात माणसानं सही करू नये.” व्होल्ट माझ्या शेजारी उभा होता. तो बराच वेळ अडकला आणि म्हणाला, “बावळट आहेस.” पण कोण, हे सांगितलं नाही.

मग ताई म्हणाली, “सरळ बोलून होत नाही ना? ठीक. रविवारी माझ्याकडे चहाला बोलाव सगळ्यांना. आणि प्राचार्याला सांग, लाल घेऊन ये, नुसती बघायची आहे.”

“चहा?” मी म्हणालो, आणि मला व्होल्टचा ॲम्प आठवला. “ताई, हे नीट नाही.”

“नियमात आहे,” ताई म्हणाली.

प्राचार्य आला तो चेहऱ्यावर सावध हसू घेऊन. तो ॲम्प त्यानंच जिंकला होता, त्यामुळे चहाचं महत्त्व त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. दुलईतली लाल गिटार त्यानं स्वतःच्या दोन गुडघ्यांमध्ये धरली. ताईनं पहिला कप दिला. संपताच किटली पुढे केली. “आणखी?”

आता सभ्य माणूस अशा वेळी काय म्हणतो? ‘राहू दे’ म्हणतो. ‘नको’ म्हणता येतं, पण प्राचार्याच्या आईनं त्याला लहानपणी शिकवलं होतं की दुसऱ्याच्या घरी तोंडावर ‘नको’ म्हणणं म्हणजे उद्धटपणा. आईच्या आणि नियमाच्या मध्ये सापडलेल्या प्राचार्यानं कप पुढे केला.

“बिस्किट?”

“अवश्य.”

“अजून थोडा घे की. आल्याचा आहे.”

“आनंदानं,” प्राचार्य म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. व्होल्ट खिडकीशी उभा राहून हे सगळं बघत होता. कुणाचा तरी सूड कुणीतरी घेतंय याचं समाधान त्याच्या तोंडावर पसरलं होतं. किटली संपली, ताईनं दुसरी चढवली. प्राचार्य एका मांडीवरून दुसरीवर भार देत बसला होता, आणि बाथरूमला जायचं तर गिटार सोडून जावं लागलं असतं.

“ते असो,” तो शेवटी काकुळतीनं म्हणाला. “आपण काही वाजवू या का? तुझी सुरुवात ऐकून किती दिवस झाले. चिकटपट्टीही दिसत नाही आज.”

ताईचा किटलीवरचा हात थांबला. ‘बोट अजून दुखतंय’ म्हणायला जागा होती. पण तिनं सरळ काळी उचलली, पट्टा खांद्यावर घेतला आणि आमच्या गाण्याची सुरुवात वाजवली. पहिले दोन सूर काचेसारखे. तिसरा पडला. ती थांबली, पुन्हा सुरू केलं. तिसरा पडला. पुन्हा. तिसऱ्याच्या जागी नुसता तार घासल्याचा आवाज आला. ताईनं मान वर केली नाही, दात घट्ट केले आणि चौथ्यांदा सुरू केलं.

प्राचार्य बोलबच्चन असला तरी त्याचे कान पक्के आहेत. त्यानं कप खाली ठेवला. ताईच्या डाव्या हाताकडे बघितलं, मग गुडघ्यांमधल्या दुलईकडे. दुलई बाजूला करून लालच्या मानेवरून, व्होल्टच्या त्या झाडूच्या दांडीवरून, अंगठा फिरवला.

“व्होल्ट,” तो म्हणाला, “ही तू तासली होतीस ना?”

“हो. चुकून.”

ताईनं काळी खाली ठेवली. “कारण विचारायचं नाही,” ती म्हणाली. आवाज दवाखान्यातला नव्हता.

“मी विचारलं का?” प्राचार्य म्हणाला. त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला, जेवढा वेळ चष्म्याला लागतो त्यापेक्षा जास्त. मला वाटलं, आता हा ‘घेऊन जा गं’ म्हणणार, आणि मग सगळं संपणार. ताईलाही तेच वाटलं असणार. तिनं खुर्चीची पाठ धरली.

“काळी,” प्राचार्य म्हणाला. “आणि तिची कडक पेटी.”

ताईनं वर बघितलं. “काय?”

“ऐकू येत नाही? काळी, पेटी, आणि तो चामड्याचा पट्टा.”

“पट्टा माझा आहे. पट्ट्याचं काही ठरलं नव्हतं.”

“तर मग लाल पुन्हा दुलईत जाते. तुझ्या वहिनीला आता तिची सवय झालीय.”

“पेटी घे. पट्टा विसर.”

“पट्ट्याशिवाय काळी मी गळ्यात काय दोरीनं बांधू?”

“बांध. गळ्याला दोर बांधायला तुला कुणी अडवलंय?”

ताईच्या गालांवर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. दया आलेला माणूस पट्टा मागत नाही, एवढं तिलाही कळलं होतं. दोघं बराच वेळ त्या पट्ट्यावरून भांडले. प्राचार्यानं चामड्याच्या इतिहासाला हात घातला तेव्हा ताईनं त्याला गप्प करायला किटली उचलली आणि त्याच्या कपावर धरली.

“आणखी?”

“राहू दे,” प्राचार्य म्हणाला.

व्होल्ट खिडकीपासून सरळ झाला. प्राचार्य कपाकडे बघत होता, पण त्यानं कपावर हात आडवा धरला नव्हता. दुसरा हात लालच्या मानेवर होता, आणि तो त्यानं उचलला. मग ‘एक मिनिट’ म्हणून तो जवळजवळ धावतच बाथरूमकडे गेला. लाल खुर्चीत राहिली.

“चहाचं म्हणाला की गिटारचं?” मी विचारलं.

“शब्द उच्चारला की समाजाचा,” व्होल्ट म्हणाला, आणि त्यानं लाल गिटार उचलून ताईच्या हातात दिली. ताईनं काळीचा पट्टा काढून घेतला, काळी पेटीत घातली आणि पेटी दारापाशी नेऊन ठेवली. बाहेर आल्यावर प्राचार्यानं पेटी उघडून पाहिली, पट्टा नाही हे बघितलं आणि ‘चोर आहात सगळे’ म्हणून ती उचलून घेऊन गेला.

पुढच्या रविवारी गोदामात काळी प्राचार्याच्या गळ्यात सुतळीनं लटकत होती. ताई लाल घेऊन उभी राहिली. सुरुवात आली, आणि तिसरा सूर लागला: जुना, थोडा खरखरीत, फरशांवरून चारही बाजूंनी परत आलेला. पण पाचव्यावर ती घाईत घसरली, बोटामुळे नाही, आनंदात.

प्राचार्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

“बाई, पाचवा सूर कुठे सांडलास? पुन्हा. पहिल्यापासून.”

त्यात ‘हं’ नव्हता. ताईनं खांद्यावरचा चामड्याचा पट्टा घट्ट केला आणि पहिल्यापासून सुरू केलं.