चार सिलिंडरांची तिथी

नथूने बॉनेट उचललं, मागे कोणी नाही असं पाहिलं आणि दोन नंबरच्या प्लगची वायर तीनला, तीनची दोनला लावून टाकली. मग बॉनेट इतकं हळू खाली टेकवलं, जणू आत कोणाचा डोळा लागलाय.

तेवढ्याने काम भागलं. मोटार बघायला आलेल्या शेठजींनी चावी फिरवली, तशी अडुसष्ट सालची ती फियाट हिवताप भरल्यासारखी थडथडली, दोनदा खोकली आणि सायलेन्सरमधून तिने एक बार काढला. शेठजी फाटकाबाहेर पडता पडता म्हणाले, "भिया, ये तो पूरा खटारा है."

असं परत गेलेलं हे दुसरं गिऱ्हाईक.

नथू मिलचा ड्रायव्हर. मिलचा भोंगा बंद पडला आणि त्याच पौषात त्याचे साहेब, विव्हिंग मास्तर गोपीनाथराव गेले, त्याला आता दोन वर्षं झाली होती. तरी नथू रोज सकाळी आठला सायकल हाणत साहेबांच्या क्वार्टरवर यायचा, गाडी पुसायचा, इंजिन पाच मिनिटं चालवायचा आणि साहेबांच्या पत्नी यमुनाबाईंच्या हातचा चहा घेऊन परत जायचा. दिवाळीपर्यंत क्वार्टर रिकामं करायचं होतं. मुलगा लक्ष्मीकांत आईला विजय नगरच्या फ्लॅटमध्ये नेणार होता, आणि तिसऱ्या मजल्यावर गाडी चढत नाही. गाडी गेल्यावर सकाळी आठला कुठे जायचं, हे नथूला कोणी सांगितलं नव्हतं.

यमुनाबाई गाडीला सवत म्हणत. रविवारची जेवणं गार करणारी सवत. न्या रे हिला कोणीतरी, असं म्हणत त्या खिडकीत बसून सुपारी कातरत.

या इंजिनाबद्दल नथू जे सांगे, त्यात खरं तेवढं कागदावरचं. चार सिलिंडर, एक हजार एकोणनव्वद सीसी, ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन. बाकी सगळं त्याचं स्वतःचं. बॉनेटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवून तो महूहून इंदूरला आला होता आणि थेंब सांडला नव्हता. पुढच्या खेपेला सांगताना ग्लासात दूध असे, आणि घरी पोचेपर्यंत त्यावर साय धरलेली असे. मानपूरच्या घाटात पेट्रोल संपलं तेव्हा हे इंजिन निव्वळ शरमेपोटी आणखी चार कोस चाललं होतं. नव्या छोट्या गाड्यांना तीनच सिलिंडर असतात हे कळल्यावर तो म्हणाला होता, तिपाई आहे ती, तिच्यावर लोटा ठेवावा, माणूस नव्हे.

एक गोष्ट मात्र खरीखुरी. नथूचे वडील महूच्या पलटणीत मोटारी चालवायचे. गाडी सोडून जाताना डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडायचं आणि आतला रोटर काढून खिशात टाकायचा, ही पलटणीची रीत. अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा. तो नसला की ठिणगी एकाही सिलिंडरकडे जात नाही, मग चोर कितीही हुशार असो. मिलमध्ये हरताळाचे दिवस होते तेव्हा नथूने ही रीत साहेबांना शिकवली. रोज संध्याकाळी घरी आले की साहेब स्वतः रोटर काढून यमुनाबाईंच्या हातावर ठेवत, आणि सकाळी त्यांच्याकडून मागून घेत. हरताळ मिटला, सवय राहिली. साहेबांबरोबर तीही गेली.

शेठजी गेल्यावर यमुनाबाईंनी चहा आणून दिला.

"साहेबांच्या गाडीला आजवर असं कोणी बोललं नव्हतं," त्या म्हणाल्या.

नथूने चहा बशीत ओतला. खोटं बोलायची त्याला उभ्या जन्मात लाज वाटली नव्हती. पण आजवरचं त्याचं प्रत्येक खोटं इंजिनाच्या बाजूने होतं.

शनिवारी तिसरं गिऱ्हाईक येणार होतं. ऋजुता नावाची पुण्याची मुलगी, पीथमपूरच्या कारखान्यात इंजिनिअर. नथू त्या दिवशी सातलाच आला. वायरी जागच्या जागी लावल्या, प्लग पेट्रोलने घासले, चावी फिरवली. एक-तीन-चार-दोन. सुरात. डोळे मिटून त्याने ते शेवटचं ऐकून घेतलं आणि ग्रीसचे हात धुवायला मागच्या नळावर गेला. ग्रीस निघायला वेळ लागतो. त्या दिवशी जरा जास्तच लागला.

ऋजुता स्कूटरवरून उतरली. अंगणात वाळत घातलेल्या कैरीच्या फोडी ओलांडून आली.

"काका, इंजिन बघू?"

"बघता काय, ऐका."

त्याने चावी फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा नाही. त्याने बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं. मधला दांडा उघडाबोडका उभा होता.

त्याने वर पाहिलं. खिडकीतला अडकित्ता थांबला होता.

ऋजुताही शेजारी वाकली. चिल्लर किमतीचा तुकडा, सियागंजात कुठेही मिळतो, एवढं बोललं की दुपारपर्यंत गाडी फाटकाबाहेर. नाही बोललं, तर पुन्हा तो खटारा शब्द. आपल्या घरी ना तिथी ना सुतक पाळणाऱ्या नथूने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"ताई, माफी असावी. आज साहेबांची तिथी. आजच्या दिवशी हे इंजिन चालू होत नाही."

"होत नाही?"

"दरसाल. बाकीचे दिवस अर्ध्या चावीत चालतं."

ऋजुताने खिडकीकडे पाहिलं.

"दरसाल," यमुनाबाई म्हणाल्या आणि सुपारीचं खांड कातरलं.

ऋजुताने त्या रिकाम्या दांड्यावरून बोट फिरवलं. मग तिने झाकण स्वतःच्या हाताने बसवलं, दोन्ही क्लिपा दाबल्या, हात रुमालाला पुसले.

"लक्ष्मीकांतजींना सांगते, गाडीत काही खोट नाही," ती म्हणाली. "माझाच दिवस चुकला."

स्कूटरचा आवाज वळणापलीकडे गेला. यमुनाबाई चहा आणि पानाचा डबा घेऊन ओट्यावर आल्या. डबा उघडला. सुपारीच्या कप्प्यात रोटर होता. तो बोटाने बाजूला सारून त्यांनी खालचं एक खांड नथूला दिलं.

"नथू, वर्षातून किती वेळा येते रे ही तिथी?"

"गिऱ्हाईक येईल तेवढ्यांदा, बाईसाहेब."

त्या हसल्या नाहीत. रोटर पदराने पुसला, होता तिथे ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं. दिवाळीला अजून पाच महिने होते.