धानावर न चाललेला जोडा

मित्रांनो, दवनीवाड्याला जीवनलालच्या घरी गेलात, तर दाराआड टाचा झिजलेला एक चामडी जोडा पेंगताना दिसेल. तो मीच. बिसराम मोच्याने मला मोठ्या मायेने शिवलं, आणि पहिल्याच दिवशी मी मालकाच्या पायाला चावलो. आम्हा जोड्यांची ओळख अशीच होते.

मी माणसं खालून पाहिली, म्हणून मला कुणाचा फेटा फसवत नाही. लग्नाला बोलावलेला माणूस टाच दाबून चालतो, न बोलावता आलेला चवड्यावर.

एका हिवाळ्यात गोंदियाचे तांदळाचे व्यापारी गुलाबचंद शेठ मंडळी घेऊन रेल्वेने कलकत्त्याला निघाले. मालक आणि मालकीण रामबाईही सोबत होती. शेठना जुनं शहर पाहून गावात सांगायचं होतं. मालकाला एकच घाट पाहायचा होता. दुष्काळाच्या साली त्याचा धाकटा भाऊ सेवकराम तिथून आगबोटीत चढला, दूरच्या बेटावर उसाच्या कामाला गेला, तो परतलाच नाही.

शहर दाखवायला पंपशू घातलेला एक बाबू ठरवला होता. नदीवरून धुकं येत होतं. मी चालतो आहे की झोपेत तरंगतो आहे, हेच मला कळेना. बाबू छत्रीच्या टोकाने धुक्यातले वाडे दाखवी. इथे अमक्या साहेबाची कचेरी, इथे तमक्या मेमसाहेबाची बग्गी उलटली. शेठ दर वेळी वा वा म्हणत आणि आपली वाहवा कोणी ऐकली का, हे हळूच बघून घेत.

मालकाने भीतभीत घाटाचं विचारलं.

“उधर देखने का कुछ नहीं है,” बाबू म्हणाला. “सिर्फ कुली लोग चढ़ते थे.”

माझ्या आत मालकाची बोटं आखडली. गाडी संध्याकाळची होती, आणि एवढ्या लांब तो पुन्हा कधी येणार होता?

पुढे बंदराचं गोदाम आलं. पोतं फुटून वाटेवर धान सांडलं होतं. मंडळी त्यावरून करकर चालत गेली. मालक मात्र थांबला. आमच्याकडे खळ्यावर जोडा घालून कोणी पाय ठेवत नाही. त्याने मला काढलं, रामबाईने काखेत धरलं.

शेठ खालच्या आवाजात म्हणाले, “जीवनभाऊ, हे का तुयं खळं होय? लोकं हासून राहिले.”

“धान तं धानच आहे, शेठ.”

काय झालं, म्हणून बाबू मागे वळला. गावात वडीलधाऱ्यांपुढे तोंड न उघडणारी रामबाई तेव्हा आपल्या मोडक्या हिंदीत बोलली. “बाबू, हमारे में धान पे जोडा पैन के नई चलते. और उस घाट से गया वो कुली नई था. मेरा देवर था.”

बाबूने स्वतःच्या पंपशूंकडे पाहिलं. मग छत्री काखेत मारून तो गोदामाच्या नदीकडच्या दाराने निघाला. शेठ जेवणाच्या वेळेबद्दल पुटपुटले, पण मागोमाग आले.

घाटावर चिखल लागलेल्या पायऱ्या होत्या, खाली पाणी होतं, आणि पाण्यावर धुकं झोपलं होतं. सवयीने बाबूने छत्री उचलली, आणि त्याला सांगायला काहीच सापडेना.

“आप बताइए,” तो मालकाला म्हणाला.

मालक चिखलातून शेवटच्या पायरीपर्यंत उतरला. “सेवकराम नाव त्याचं. बैलाले शिटी मारून बोलवे. पान्याले लय भेत होता. आमच्या बोडीच्या उथळ तळ्यातही गुडघ्याच्या वर कधी उतरला नाही.”

पाण्याला इतका भिणारा पोरगा एवढं पाणी ओलांडून गेला होता. शेठ पहिल्यांदाच वा वा म्हणाले नाहीत. बाबूने हळूच म्हटलं, “नाम फिर से बोलिए,” आणि ओठांत घोळवून ते पाठ केलं.

मालक स्टेशनापर्यंत अनवाणीच आला. मी रामबाईच्या काखेतून धुकं पाहत होतो.

आता माझा तळ सुटला आहे, पोरं मला दोरी बांधून अंगणात ओढतात. ओढू देत. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी म्हणतो, मी उकिरड्यावर गेलो तरी चालेल. पण त्या घाटावरून कोण गेलं, असं कुणी विचारलं, तर कुली गेले असं म्हणू नका. सेवकराम गेला, म्हणा.