ड्रॉवरमधले तीन पेनड्राइव्ह

लेकीचा लॅपटॉप दहा मिनिटांत दुरुस्त करून दिला असता, तर रेइनो लाहतेलाच्या पदरात दहा मिनिटं पडली असती. तासात केला असता तर तास. आणि दुपारपर्यंत रेटला असता, तर वर एक जेवणही मिळालं असतं. काइसाने चार वर्षांत या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता, त्यामुळे यातलं काय पत्करायचं हे ठरवायला तिचा कोट खुंटीला अडकवण्याइतकाच वेळ त्याला पुरला.

रेइनो कॅनडातल्या थंडर बेच्या कागद गिरणीत एकतीस वर्षं मीटर जुळवत होता. निवृत्त झाल्यावर लिनक्स हा त्याचा धर्म झाला आणि दर शनिवारी वाचनालयात भरणारा लिनक्सवाल्या म्हाताऱ्यांचा अड्डा हे देऊळ. काइसाला लॅपटॉप त्यानेच दिलेला, आतून सगळं पुसून, विंडोजच्या जागी लिनक्स घालून. म्हणून तो बंद पडला तेव्हा विनिपेगच्या दुकानदाराने हात वर केले, "याला आम्ही शिवत नाही, बाई." चुलतभावाच्या लग्नाला ती इकडे आलीच होती. तिने लॅपटॉप काखोटीला मारला आणि बापाचं दार वाजवलं.

तळघरातल्या टेबलावर रेइनोने तो सुरू केला. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. रोग बघताक्षणीच कळला. अपडेट अर्धवट राहिलं होतं. पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, दोन आज्ञा द्यायच्या, काम खलास.

"अवघड दिसतंय," तो म्हणाला.

"किती अवघड? मला तीनला निघायचंय, बाबा."

"बघूया ना."

तसले तयार पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये तीन होते, नावांच्या चिठ्ठ्या लावलेले. त्याने ड्रॉवर उघडला, एकदा पाहिलं आणि गुडघ्याने बंद केला. "हे जुने झाले. नवा बनवावा लागेल. तोवर कॉफी टाकतो."

तो जिना चढून गेला. कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन उतरला, तेव्हा काइसा त्याच्या कॉम्प्युटरशेजारी, त्याच्याच खुर्चीत बसली होती. तिला उठवणं त्याच्या जिवावर आलं. त्याने उभ्या उभ्याच कोरा पेनड्राइव्ह खोचला.

पेनड्राइव्ह बनवताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, कायमचं. आणि कोणता पुसायचा हे मशीनला एका अक्षराने सांगायचं असतं. आधी लावलेला बी, नंतरचा सी. म्हणून अड्ड्यावर रेइनोचा दंडकच होता: एंटर दाबण्याआधी हात मांडीवर ठेवायचे, यादी वाचायची, मगच दाबायचं. ऐंशीच्या घरातल्या माणसांकडूनही तो हे वदवून घेई.

पण काइसा बोलत होती. ती शिकवते त्या शाळेतला बॉयलर जानेवारीत बंद पडला आणि मुलं हातमोजे घालून गणितं सोडवत होती, असलं काहीतरी. चार वर्षांनी ती त्याला हातमोज्यांबद्दल सांगत होती. यादी बघायला मान वळवावी लागली असती. त्याने नेहमीचं बी हे अक्षर टाइप केलं आणि तिच्याकडे बघत एंटर दाबलं.

"मग? मास्तरीणबाईंनी काय केलं?"

"मास्तरीणबाईंनीही हातमोजे घातले."

दोघंही हसली. तिकडे मशीन इमानेइतबारे पुसत होतं.

पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. लॅपटॉपने त्याला ओळखच दाखवली नाही. रेइनोच्या चेहऱ्यावर काळजी होती, पोटात गुदगुल्या. मागितला एक तास, मिळतायत दोन! त्याने सेटिंगमध्ये शिरून क्रम बदलला. मग सुरक्षेचं कुलूप काढलं. मग पेनड्राइव्ह खोचायचं भोक बदललं. मग तेच सगळं उलट्या क्रमाने केलं.

"तुमच्या अड्ड्यावर असंच चालतं का, हो?"

"अड्ड्यावर असं झालं की मी समोरच्याला गाढव म्हणतो."

"मग आत्ता कोणाला म्हणायचं?"

"आत्ता आधी जेवूया."

वाटाण्याचं सूप तिने दोनदा वाढून घेतलं. रेइनोची बायको हेल्मी जाऊन चार वर्षं झाली, तिचं नाव मात्र कोणी काढलं नाही. ती शेवटच्या थंडीत वरच्या खोलीत पडून होती, लेक उशाशी, आणि हा खाली, कीबोर्ड बडवत. दफनानंतर काइसा म्हणाली होती, "आईने तुमच्यासाठी बोलून ठेवलंय. माझ्याजवळ बसून ऐका." आणि रेइनो म्हणाला होता, "फाइल पाठवून दे, सवडीने ऐकतो." तो घाबरला होता, इतकंच. पण तिने फाइलही पाठवली नाही आणि तीही आली नाही.

जेवण उरकून तो खाली आला, तेव्हा आता चार दिवस लांबवलं तरी चालेल अशा तोऱ्यात होता. पेनड्राइव्ह परत कॉम्प्युटरला लावला आणि सकाळी वाचायची राहिलेली यादी वाचली. त्याचा पेनड्राइव्ह कोराच होता. त्यावर काही चढलंच नव्हतं. जे चढायचं ते बी वर चढलं होतं.

"मशीनच्या मागे कोणी काही लावलंय का?"

"मी. माझा पेनड्राइव्ह. तुम्ही कॉफीला गेलात तेव्हा." काइसा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. "म्हटलं, लॅपटॉपचं झालं की ऐकवते. आईचं आहे ते."

त्याने हात मांडीवर ठेवले.

"बाबा?"

"दुसरी प्रत आहे ना?"

"नाही. लॅपटॉप भरला म्हणून तिथून काढून त्या पेनड्राइव्हवर ठेवलं." तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काय केलंत?"

त्याने सांगितलं. ड्रॉवरमधल्या तीन पेनड्राइव्हचंही सांगितलं. ते सांगायचं काही कारण नव्हतं, तरी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

इवलासा पेनड्राइव्ह, त्यावर चढलेलं लिनक्सचं ओझं मोठं. शेवटचा एक कोपरा तेवढा झाकायचा राहिला होता. तो खरवडून खरवडून रेइनोने एकोणीस सेकंदं बाहेर काढली. दोघांनी ऐकली. कपात चमचा फिरतोय. कोणीतरी श्वास घेतंय. आणि त्यामागे, बारीक, न थांबणारी खडखड.

"हे काय वाजतंय?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं. तळघरातल्या भट्टीची गरम हवा पत्र्याच्या नळीतून वर जाते, आणि ती नळी हेल्मीच्या पलंगाशीच उघडायची.

"तुम्हीच," काइसा म्हणाली.

मग त्याने ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह काढला. लॅपटॉप बारा मिनिटांत सुरू झाला.

दारात ती बूट बांधत होती. तो कोट धरून उभा होता.

"ती काय म्हणाली होती?"

"चाळीस मिनिटं बोलत होती, बाबा."

"एखादं तरी."

तिने बुटाच्या नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधली. "म्हणाली, खालची खडखड ऐकू येते तोवर मला झोप लागते. तो आहे असं वाटतं. त्याला वर बोलावू नकोस."

रेइनो साधी फाइल उतरवली तरी मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय उघडत नसे. हे कशाशी ताडणार? हेल्मी खरंच असं म्हणाली होती, की लेकीला बापाची दया आली? त्याने विचारलं नाही. कोट पुढे केला. तिने त्यात हात घातले आणि मागे वळून न बघता गाडी काढली.

काइसाला लॅपटॉप मिळाला. रेइनोला मिळाले चार तास, एक जेवण आणि एक वाक्य, खरं-खोटं देव जाणे. या सगळ्याची किंमत मात्र हेल्मीने भरली. तिला यातून काहीच नको होतं, आणि तिच्यापाशी उरली होती ती फक्त चाळीस मिनिटं.