गजराबाईचं रडणं

त्या दिग्दर्शकाचं नाव मी घेत नाही. आमच्या नंदुरबारात गेल्या पंधरवड्यात ते इतक्यांनी घेतलंय, की त्यात माझी भर नको. एवढंच सांगते, की आज ज्याचे देशोदेशी सत्कार होतात, त्याने आपला पहिला सिनेमा आमच्या तापीकाठच्या गावात काढला होता आणि त्यात माझी आई आहे. गजराबाई. तिरडीपाशी बसून रडणाऱ्या बायांमधली एक.

हा सिनेमा कुठे तरी हरवला होता म्हणे. आता सापडला, साफसूफ केला आणि जिथे काढला त्याच जिल्ह्यात आधी दाखवायचं ठरलं. मी दुपारीच शिलाईचं दुकान बंद केलं आणि भिकुकाकूला रिक्षात घालून थेटरात नेलं. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. तीही त्या बायांमध्ये होती. बाकीचे सिनेमा बघायला आले होते, मी आईचा आवाज ऐकायला आले होते. आईला जाऊन चार वर्षं झाली. तिचा फोटो आहे, आवाज कुठेच नाही. मोबाइल समोर धरला की ती तोंडच उघडायची नाही.

तशी अबोलच बाई. तिला रडताना तर मी कधीच पाहिलं नाही. मात्र मी कुठेही निघाले की ती माझ्या उजव्या घोट्यावरचा काळा डाग अंगठ्याने दाबायची आणि म्हणायची, "आते ऱ्हाय व माय." आता तरी राहा गं, म्हणे. मला भयंकर चीड यायची. अगं, मेथीची जुडी आणायला चाललेय, काशीला नाही!

सिनेमा सुरू झाला तेव्हा थेटरात नुसता कल्ला. "ती दख, चुनीलाल आबानी म्हैस!" कोणाची म्हैस, कोणाचा ओटा, कोणाचा मेलेला आजा. शेवटी नायक मेला, तेव्हा कुठे लोक गप्प बसले. आणि पडद्यावर आई आली. काय तरुण होती! पदर मागे पडलेला, हात जमिनीवर आपटत, टाहो फोडत होती.

"मन्ही रंजिता व... माले सोडीसन कोठे गई व..."

रंजिता मी आहे.

आता यात गोंधळ असा, की माझा जन्म या सिनेमाच्या नंतरचा. म्हणजे मी जन्मायच्या आधीच आई मला रडत होती, तीही मेलेली समजून. आधी वाटलं, सिनेमात कोणी रंजिता असेल आणि आईने ते नाव मला दिलं असेल. थोडा रागही आला. पण नायक बिचारा बिनलग्नाचाच मेला होता, त्याला लेक कुठली? मग वाटलं, माझ्या जन्मसालातच घोळ असेल. गुरुजींच्या कृपेने आमच्या अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनला येतो. पण साल चुकलं तरी मी जिवंतच ना! मग रडायचं कशाला? मी काकूला कोपराने ढोसलं.

"काकू, माय मन्हं नाव कसाले ली ऱ्हायनी?"

"चूप बठ. आते मी येस." काकू पडद्यावर आली, तोंड पुसून गेली, तेव्हा कुठे माझ्याकडे वळली.

"तो हीरो जित्ता व्हता ना," ती कुजबुजली. "जित्ता माणूसले रडतस का? त्याना जीवले घोर. आमी सांगं, नही रडणार. तो सिनेमा काढनारा पोऱ्या हात जोडे, पाया पडे. मंग रेवजी पाटीलनी माय बोलनी, त्याले नका रडा, आपापला मरी गयेल माणूसले रडा. मी मन्हा मामाले रडनू. तो मरना तवय रडू ऊनं नव्हतं, ते तठे निंघनं."

"आनि माय?"

काकूने माझा हात धरला. "तुले कोनी सांगं नही का? पयली रंजिता व्हती. तुन्हा आधीनी. चालाले लागनी व्हती. ताप ऊना नि गई. मातीमा ठेवतांना तुन्ही मायनी तिना घोट्याले काजय लायं. फिरी ऊनी ते वयखू यावाले. मंग तू ऊनी, डाग लिसन."

म्हणजे फिरून आली तर ओळखू यावी म्हणून आईने त्या मेलेल्या पोरीला लावलेलं काजळ माझ्या घोट्यावर होतं! माझा पाय मीच खुर्चीखाली ओढून घेतला. सगळा जन्म दुसरीचं नाव वागवलं आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही! आई 'ऱ्हाय' म्हणायची ती कोणाला? मला, की माझा घोटा धरून तिला? मी आईची लेक, की नुसती परतफेड? राग येत होता आणि त्याच वेळी पडद्यावरच्या त्या बाईला मिठी मारावीशी वाटत होती. दोन्ही एकदम कसं करायचं ते कळेना.

"मंग मी कोन, काकू?"

"माले काय माहीत?" काकू म्हणाली. "तुन्ही मायलेबी माहीत नव्हतं. म्हनीसन ते रोज दाबी दखे."

सिनेमा संपला. पडद्यावर नावं सरकायला लागली आणि त्यांच्या मागून आईचं तेच रडणं पुन्हा सुरू झालं. लोक उभे राहिले, टाळ्या वाजू लागल्या. त्या टाळ्यांतून मी कान देऊन ऐकत होते, म्हणून शेवटची ओळ माझ्यापर्यंत आली.

"फिरी ये व माय... मी वाट दखस..."

मी कोणती, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं, आजही कळत नाही. पण ती एवढी वाट बघत होती. कोणीतरी 'आले' म्हणायला हवं होतं.

"ऊनू व माय," मी मोठ्याने म्हटलं. "ऊनू."